टाउबर नदीवरचा लाल किल्ला

'लाल किल्ला' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दिल्ली उभी राहते. पण युरोपातही 'लाल किल्ला' या अर्थाचे नाव असलेले एक गाव आहे. ते जर्मनी देशात, बव्हेरिया राज्यात आहे. त्याचे नाव रोटेनबुर्ग. जर्मन भाषेत 'रोट' म्हणजे लाल आणि 'बुर्ग' म्हणजे किल्ला. अशा नावाची आणखीही गावे जर्मनीत आहेत. घोटाळा होऊ नये म्हणून या गावाला 'रोटेनबुर्ग ओब डेर टाउबर' म्हणतात, म्हणजे 'टाउबर नदीच्या वरचे रोटेनबुर्ग'. गंमत अशी, की ज्या किल्ल्यामुळे गावाला हे नाव मिळाले, तो किल्लाच आज तेथे नाही.

नकाशात हे गाव शोधायला थोडे कष्ट पडतात. त्याची वस्ती जेमतेम अकरा हजार आहे. मोठ्या रेल्वेमार्गावरही ते नाही. श्टाइनाख नावाच्या लहान स्थानकावर गाडी बदलावी लागते आणि तेथून निघालेला फाटा रोटेनबुर्गला येऊन संपतो. तरीही दरवर्षी जगभरातून लाखो प्रवासी या गावी येतात. गावाभोवती दगडी तट आहे. तट म्हणजे ज्याला आपण उर्दूत फसील किंवा शहरपनाह म्हणतो. तटाला चाळीसहून अधिक बुरूज आणि दरवाजे आहेत. आत फरसबंदी गल्ल्या, लाल कौलांची उंच उतरती छपरे आणि लाकडी चौकटीची घरे आहेत. येथे आल्यावर आपण पाचशे-सहाशे वर्षे मागे गेलो असे प्रवाशांना वाटते. इतकी वर्षे हे गाव जसेच्या तसे कसे राहिले, असे ते विचारतात. खरे सांगायचे तर ते जसेच्या तसे राहिलेले नाही. त्याची हकीकत त्या उतरत्या छपरांपेक्षाही ऐकण्यासारखी आहे.

गाव एका पठाराच्या कडेवर वसले आहे. पश्चिमेला खोल दरी आहे आणि दरीतून टाउबर नदी वळसा घालून वाहते. दरीत पुढे घुसलेला डोंगराचा एक सोंड्यासारखा भाग आहे. तीन बाजूंनी उतार असल्यामुळे किल्ल्याला ही जागा फार सोयीची होती. ११४२ साली राजा कोनराड तिसरा याने येथे किल्ला बांधला. किल्ल्याच्या आश्रयाने कारागीर आणि व्यापारी राहू लागले. वस्ती वाढली. तिच्याभोवती तट उभा राहिला. पुढे वस्ती तटाच्या बाहेर गेली, म्हणून आणखी मोठा तट बांधावा लागला. पहिल्या तटाचे काही बुरूज आज गावाच्या मध्यभागी उभे आहेत. भर वस्तीत, रस्त्याच्या मधोमध बुरूज कशाला, असे नवख्या माणसाला वाटते. एके काळी गावाची वेस तेथे होती, हे कळल्यावर उलगडा होतो.

१२७४ साली राजा रुडॉल्फ याने रोटेनबुर्गला स्वतंत्र नगराचा दर्जा दिला. त्या काळी जर्मनीत लहान-मोठ्या सरदारांची आणि धर्मगुरूंची शेकडो राज्ये होती. स्वतंत्र नगर मात्र कोणा सरदाराचे ताबेदार नसे. ते फक्त सम्राटाला मानी. कर बसवणे, न्याय देणे, सैन्य ठेवणे हे सगळे नगराची सभाच पाहत असे. सभेत सामान्य माणसाला फारसे स्थान नव्हते. श्रीमंत घराण्यांचेच तेथे चाले. तरीसुद्धा सरदाराच्या हुकमाखाली राहणाऱ्या शेतकऱ्याला तटाआडचे हे जीवन हेवा वाटावा असेच होते.

१३५६ साली मोठा भूकंप झाला. या भूकंपाने दूरच्या बाझेल शहराची फार मोठी हानी केली. रोटेनबुर्गचा किल्लाही पडला. सम्राटाचा किल्ला पुन्हा उभारण्याची घाई नगरवासीयांना नव्हती. त्यांनी त्याचे दगड उचलून आपल्या तटासाठी आणि घरांसाठी वापरले. आता किल्ल्याच्या जागी बाग आहे. एक छोटेसे दगडी प्रार्थनामंदिर तेवढे उरले आहे. बागेच्या कठड्याशी उभे राहिले की खाली दरी, नदी आणि डावीकडे वळत गेलेला गावाचा तट दिसतो.

या बागेत जाण्याचा दरवाजा मोठा पाहण्यासारखा आहे. त्याच्या जाड लाकडी दारात एक छोटी झडप आहे. आपल्याकडच्या किल्ल्यांना जशी दिंडी असते, तशीच ही आहे. संध्याकाळी वेशी बंद होत. त्यानंतर आलेल्या माणसाला या दिंडीतून वाकून, एकट्यानेच आत यावे लागे. शत्रू घोळक्याने आत घुसू नये म्हणून ही युक्ती होती. दाराच्या वर दगडात कोरलेला एक चेहरा आहे. त्याचे तोंड उघडे आहे. हल्ला झाला तर त्या तोंडातून उकळते डांबर खाली ओतत असत, असे सांगतात.

दक्षिणेकडच्या दरवाजाला 'श्पिटाल दरवाजा' म्हणतात, कारण त्याच्या आत गावाचे जुने रुग्णालय होते. आजारी आणि वाटसरू तेथे आसरा घेत. या दरवाजावर लॅटिन भाषेत एक ओळ कोरलेली आहे. आत येणाऱ्याला शांती आणि बाहेर जाणाऱ्याला सलामती, असा तिचा अर्थ आहे. म्हणजे आपला सलामच तो! पण ही ओळ प्रत्येकासाठी खरी ठरली का, हे पुढे पाहू.

इ.स. १४०० च्या सुमारास रोटेनबुर्गची भरभराट झाली होती. गावात सुमारे सहा हजार माणसे राहत. आज ही संख्या लहान वाटते, पण त्या काळी युरोपात एवढ्या वस्तीचे नगर मोठे मानत. हाइनरिख टॉपलर नावाचा हुशार आणि श्रीमंत गृहस्थ तेव्हा नगराध्यक्ष होता. आसपासची गावे आणि गढ्या विकत घेऊन त्याने नगराचा मुलूख वाढवला. पुढे हा मुलूख सुमारे चारशे चौरस किलोमीटरपर्यंत गेला. तटाच्या आतल्या सहा हजार माणसांना धान्य, लोकर आणि कर या मुलखातून मिळत. पण टॉपलर सत्तेच्या खेळात फार खोल उतरला. पदभ्रष्ट झालेल्या राजाशी त्याने संधान बांधले, असा त्याच्यावर आरोप आला. १४०८ साली त्याच्याच सहकाऱ्यांनी त्याला नगरभवनाखालच्या अंधारकोठडीत टाकले आणि तेथेच त्याचा अंत झाला. ज्या इमारतीत बसून त्याने कारभार केला, तिच्याच तळघरात तो मेला. त्या कोठड्या आजही दाखवतात.

आता आपण चौकात आलो आहोत, तर थोडे थांबू. हे नगरभवन म्हणजे दोन काळांतल्या दोन इमारती आहेत. मागची इमारत जुनी आहे. पुढची इमारत १५०१ च्या आगीत जळाली. तिच्या जागी १५७२ पासून नवी, नव्या पद्धतीची इमारत बांधली. दोन्ही एकमेकींना चिकटून आहेत आणि दोघींची चण अगदी वेगळी आहे. जुन्या इमारतीच्या मनोऱ्यावर दोनशेहून अधिक पायऱ्या चढून जाता येते. शेवटी शेवटी जिना शिडीसारखा उभा आणि अरुंद होतो. वर पोहोचल्यावर मात्र सगळे गाव एका नजरेत येते.

चौकाच्या कडेला सेंट जॉर्जचे मोठे दगडी कारंजे आहे. त्याचे कुंड ८ मीटर खोल असून त्यात एक लाख लिटर पाणी मावते. एवढ्या मोठ्या कुंडाची गरज काय होती? नदी खाली दरीत आणि गाव वर पठारावर. शत्रूने वेढा घातला तर नदीवर जाणार कोण? शिवाय घरांत लाकूड भरपूर, त्यामुळे आगीची भीती कायम. म्हणून पाण्याचा साठा गावातच ठेवावा लागे.

धान्याचेही तसेच. येथल्या घरांकडे नीट पाहा. लाकडाच्या जाड तुळयांची उभी-आडवी-तिरपी चौकट करायची आणि मधल्या जागा माती किंवा विटांनी भरायच्या, अशी त्यांची बांधणी आहे. छपरे खूप उंच असतात आणि त्यांच्या आत दोन-तीन मजली पोटमाळे असतात. छपराच्या पुढच्या त्रिकोणी भिंतीत वरपर्यंत एकावर एक झडपा दिसतात. सर्वांत वर एक तुळई बाहेर आलेली असते. तिला कप्पी लावून धान्याची पोती रस्त्यावरून वर ओढत आणि पोटमाळ्यावर साठवत. वेढा पडला तर महिनोन् महिने हेच धान्य खायचे. नुसत्या तटाने गाव वाचत नसे. तटाच्या आत पाणी आणि दाणागोटा असला, तरच तटाचा उपयोग.

चौकापासून जवळच सेंट याकोब यांचे चर्च आहे. त्याचे बांधकाम १३११ साली सुरू झाले आणि ते पूर्ण व्हायला दीडशेहून अधिक वर्षे लागली. चर्चच्या पश्चिम भागाखालून चक्क रस्ता गेला आहे. चर्च वाढवायचे होते, पण रस्ता बंद करता येत नव्हता. म्हणून रस्त्यावर कमान घालून वर इमारत नेली. या वरच्या भागात टिलमान रीमेनश्नायडर या थोर शिल्पकाराचे लाकडी कोरीव काम आहे. हजरत ईसा आपल्या शिष्यांसह शेवटचे जेवण घेत आहेत, असा देखावा त्यात आहे. १५०१ ते १५०५ या काळात लिंडन झाडाच्या मऊ लाकडात तो कोरला गेला. त्या काळी अशा मूर्ती रंगवत आणि सोन्याचा मुलामा देत. येथे मात्र लाकडाचाच रंग ठेवला आहे. मागच्या छोट्या खिडक्यांतून ऊन आत येते आणि दिवस सरकतो तशी चेहऱ्यांवरची छाया बदलते. हातांच्या शिरा आणि कपाळावरच्या आठ्यासुद्धा त्याने सोडलेल्या नाहीत. हा कलावंत व्युर्त्सबुर्ग शहराचा नगराध्यक्षही झाला होता. १५२५ साली जर्मनीतील शेतकऱ्यांनी जुलमाविरुद्ध बंड केले. व्युर्त्सबुर्गच्या सभेने शेतकऱ्यांची बाजू घेतली आणि रीमेनश्नायडर सभेबरोबर राहिला. बंड मोडल्यावर त्याला कैदेत टाकून त्याचे हाल करण्यात आले. रोटेनबुर्गही या बंडात सामील झाले होते. त्याची शिक्षा म्हणून येथल्या चौकात बंडखोरांची डोकी उडवली गेली. आज त्याच फरसबंदीवर प्रवासी आइसक्रीम खात बसलेले असतात.

प्रवासी ज्या गल्लीत सहसा लवकर वळत नाहीत, तिकडे आता जाऊ. तिचे नाव 'यूडेनगासे', म्हणजे यहुदी लोकांची गल्ली. रोटेनबुर्गमध्ये यहुदी फार पूर्वीपासून राहत होते. तेराव्या शतकात येथे रब्बी मेइर बेन बारूख नावाचे मोठे विद्वान होऊन गेले. धर्माच्या आणि कायद्याच्या अवघड प्रश्नांवर त्यांचे मत विचारण्यासाठी दूरदूरच्या देशांतून पत्रे येत. त्यांच्याकडे शिकण्यासाठी विद्यार्थी येत. आपल्याकडे मोठ्या मुफ्तींच्या फतव्यांना जसा मान असतो, तसाच त्यांच्या उत्तरांना होता. त्या काळी यहुदी लोकांवर जबर कर असत आणि राजा त्यांना आपली मालमत्ताच समजत असे. १२८६ साली रब्बी मेइर देश सोडून निघाले. वाटेत त्यांना पकडण्यात आले आणि राजा रुडॉल्फने त्यांना तुरुंगात टाकले. रोटेनबुर्गला स्वातंत्र्याची सनद देणारा हाच तो राजा. लोकांनी खंडणीची मोठी रक्कम गोळा केली. पण रब्बींनीच ती देऊ दिली नाही, असे सांगतात. आज माझ्यासाठी पैसे दिलेत, तर उद्या प्रत्येक विद्वानाला पकडून पैसे उकळतील, असे त्यांचे म्हणणे होते. १२९३ साली तुरुंगातच त्यांचे निधन झाले. त्यांचे शव मिळवण्यासाठीसुद्धा आणखी १४ वर्षे आणि मोठी रक्कम लागली. वर्म्स या शहरात त्यांची कबर आजही आहे.

त्यांच्या मृत्यूनंतर पाचच वर्षांनी, १२९८ साली, यहुदी लोकांनी ख्रिस्ती धर्माच्या पवित्र वस्तूचा अपमान केला अशी खोटी अफवा या भागात पसरली. जमाव गावोगाव फिरू लागला. रोटेनबुर्गमध्येही शेकडो यहुदी स्त्री-पुरुष आणि मुले मारली गेली. तट भक्कम होता आणि बुरुजांवर पहारा होता, पण मारणारे आणि मरणारे तटाच्या आतच होते. पुढे काही कुटुंबे परत येऊन राहिली. १५२० साली नगराने सर्व यहुदी लोकांना हाकलून दिले. त्यांच्या कबरींचे दगडसुद्धा लोकांनी बांधकामाला वापरले. असे पुष्कळ दगड पुढे सापडले आणि आता ते गावाच्या संग्रहालयात जपून ठेवले आहेत. बागेतल्या त्या छोट्या प्रार्थनामंदिराजवळ १२९८ च्या हत्याकांडाची आठवण म्हणून एक दगडही बसवला आहे. तो मोठा नाही. मुद्दाम पाहिला तरच दिसतो.

सोळाव्या शतकात रोटेनबुर्गने ख्रिस्ती धर्माचा प्रोटेस्टंट पंथ स्वीकारला. १६१८ पासून जर्मनीत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट पक्षांमध्ये तीस वर्षे चाललेले युद्ध पेटले. १६३१ साली कॅथलिक पक्षाचा सेनापती टिली याने रोटेनबुर्ग जिंकले. या प्रसंगाची एक कथा सगळ्या गावाला तोंडपाठ आहे. टिलीने सभेच्या सदस्यांना मृत्युदंड सांगितला आणि गाव जाळण्याची धमकी दिली. तेव्हा त्याच्यापुढे सव्वातीन लिटरचा प्याला भरून मद्य आणण्यात आले. तो म्हणाला, "हा प्याला जो एका दमात रिकामा करील, त्याच्यासाठी मी गाव सोडीन." नुश नावाच्या जुन्या नगराध्यक्षाने तो प्याला रिकामा केला आणि गाव वाचले! चौकातल्या एका घड्याळाशेजारी दोन खिडक्या आहेत. ठरलेल्या तासाला त्या उघडतात. एका खिडकीत टिलीचा पुतळा आणि दुसरीत प्याला तोंडाला लावलेला नुश दिसतो. १८८१ साली या कथेवर एक नाटक लिहिले गेले. ते आजही गावकरी दरवर्षी हौसेने करतात.

कथा रंगतदार आहे, पण त्या काळच्या नोंदींत ती सापडत नाही. टिली आला, गाव त्याच्या हाती पडले, हे खरे. प्याल्याची गोष्ट बरीच नंतरची. खरी हकीकत इतकी गोड नव्हती. सैन्ये येत राहिली, मुक्काम करत राहिली आणि धान्य, गुरे, पैसा घेऊन जात राहिली. १६३४ साली प्लेगची साथ आली. १६४८ मध्ये युद्ध संपले, तेव्हा रोटेनबुर्गजवळ फारसे काही उरले नव्हते.

येथूनच गावाच्या जतनाची गोष्ट सुरू होते, असे म्हटले तर नवल वाटेल. युद्धानंतर व्यापार दुसऱ्या शहरांकडे गेला. गावात पैसा राहिला नाही. पैसा असता तर लोकांनी जुनी घरे पाडून नवी बांधली असती आणि तट पाडून रुंद रस्ते केले असते. युरोपातल्या शेकडो शहरांनी तेच केले. रोटेनबुर्गची तेवढी ऐपत नव्हती. फुटके कौल बदलायचे, कुजलेली तुळई काढून दुसरी घालायची आणि त्याच घरात राहायचे. अशी जवळजवळ दोनशे वर्षे गेली. १८०२ साली गावाचे स्वातंत्र्य संपले आणि ते बव्हेरियात सामील झाले. गरिबीने हे गाव राखले. अर्थात ज्यांनी त्या गळक्या छपराखाली दिवस काढले, त्यांना यात काही कौतुक वाटले नसेल.

एकोणिसाव्या शतकात कारखाने आणि आगगाड्या आल्या. शहरे धुराने भरली, तशी लोकांना जुन्या काळाची ओढ वाटू लागली. कार्ल श्पिट्सवेग यांच्यासारखे चित्रकार रोटेनबुर्गला आले. त्यांची चित्रे पाहून इतर लोक आले. १८७३ मध्ये रेल्वेचा फाटा झाला. ज्या जुनेपणाची लाज वाटत होती, त्याच जुनेपणावर आता पोट भरता येते, हे गावकऱ्यांच्या लक्षात आले. १८९८ साली 'जुने रोटेनबुर्ग' जपण्यासाठी एक संस्था स्थापन झाली. गरिबीने जे आपोआप झाले होते, ते आता लोक ठरवून करू लागले.

पण जुन्या गोष्टींवरच्या या प्रेमाचा पुढे दुरुपयोगही झाला. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला. त्याच्या पक्षाने रोटेनबुर्गला 'अस्सल जर्मन गाव' म्हणून मिरवले. कामगारांच्या सहली येथे आणल्या. अस्सल जर्मन गावात यहुदी कशाला, असा प्रचार सुरू झाला. एकोणिसाव्या शतकात येथे पुन्हा काही यहुदी कुटुंबे येऊन राहिली होती. १९३८ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांपैकी उरलेल्या शेवटच्या लोकांना गावातून हाकलून देण्यात आले. दरवाजावरची सलामतीची ओळ तेव्हाही तेथेच होती.

दुसरे महायुद्ध संपत आले होते. ३१ मार्च १९४५ रोजी अमेरिकेच्या १६ विमानांनी रोटेनबुर्गवर बाँब टाकले. जवळजवळ ४० माणसे मेली. सुमारे ३०० घरे, नऊ बुरूज आणि ६०० मीटरहून अधिक लांबीचा तट नष्ट झाला. जुन्या गावाचा सुमारे ४० टक्के भाग, विशेषतः पूर्वेकडचा, जळून गेला. चौदाव्या शतकात वेढ्याच्या तयारीने बांधलेला तट आकाशातून येणाऱ्या बाँबला काय अडवणार?

दोन आठवड्यांनी अमेरिकन सैन्य गावाजवळ पोहोचले. आता तोफांचा मारा करून उरलेले गावही उडवायचे, असा प्रसंग आला. तेव्हा जॉन मॅक्लॉय हे अमेरिकेच्या युद्धखात्यात उपमंत्र्याच्या दर्जाचे अधिकारी होते. त्यांच्या आईने फार पूर्वी रोटेनबुर्ग पाहिले होते आणि तेथून चित्रे घरी आणली होती. त्यामुळे मॅक्लॉय यांना लहानपणापासून या गावाचे नाव माहीत होते. तोफा न वापरता गाव ताब्यात घेता येईल का, असे त्यांनी सेनापतीला सुचवले. काही सैनिक पांढरे निशाण घेऊन बोलणी करायला गेले. शेवटपर्यंत लढा, अशी हिटलरची आज्ञा होती. तेथल्या जर्मन अधिकाऱ्याने ती मोडली आणि लढाई न करता गाव सोडले. अशी आज्ञा मोडणाऱ्याला तेव्हा मृत्युदंड होत असे. १७ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकन सैन्य गावात आले. पुढे रोटेनबुर्गने मॅक्लॉय यांचा मोठा सन्मान केला. नुशच्या प्याल्यापेक्षा ही गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. पण घड्याळाच्या खिडकीत अजून नुशच उभा आहे.

युद्धानंतर पूर्वेकडचा भाग कसा बांधायचा, हा प्रश्न आला. नव्या पद्धतीच्या सपाट इमारती स्वस्तात आणि लवकर झाल्या असत्या. गावाने तसे केले नाही. रस्त्यांची जुनी वळणे, छपरांचा उतार आणि घरांची उंची पूर्वीप्रमाणेच ठेवायची, असे ठरले. बऱ्याच ठिकाणी जुन्या घराची हुबेहूब नक्कल केलेली नाही. घरे साधी आहेत, त्यांवर कोरीव काम नाही. पण दुरून पाहिले तर जुने कोठे संपते आणि नवे कोठे सुरू होते, ते चटकन कळत नाही. पूर्वेच्या रोडर दरवाजाजवळ 'गेरलाख' नावाचे लोहाराचे घर आहे. त्याचे उंच टोकदार छप्पर आणि तिरप्या तुळया इतक्या सुंदर आहेत, की जो तो त्याचे छायाचित्र घेतो आणि मध्ययुगातले घर म्हणून घरी दाखवतो. ते १९४५ मध्ये नष्ट झाले होते. आज दिसते ते घर १९५१ साली बांधलेले आहे. मग ते खोटे म्हणायचे का? मला तसे वाटत नाही. ते त्याच जागी, त्याच आकारात, तेथल्याच लोकांनी पुन्हा उभे केले आहे. मात्र त्याचे खरे वय सांगायला कोणी संकोच करू नये.

तटाच्या दुरुस्तीसाठी गावाजवळ पैसे नव्हते. तेव्हा एक कल्पना निघाली. जो पैसे देईल, त्याचे नाव तटाच्या दगडावर कोरायचे. देशोदेशींहून पैसे आले. रोडर दरवाजाच्या जिन्याने तटावर चढले आणि आतल्या बाजूच्या भिंतीकडे पाहत चालू लागले, की ही नावे एकामागून एक लागतात. काही जर्मन, काही अमेरिकन, पुष्कळशी जपानी. कोणी एका मीटरचे पैसे दिले, कोणी त्याहून अधिक. कोठे माणसाचे नाव आहे, कोठे कंपनीचे, तर कोठे दूरच्या एखाद्या गावाचे.

या तटावरून चालायला पैसे पडत नाहीत. वाट अरुंद आहे. डोक्यावर कौलारू छप्पर आहे आणि ते इतके खाली आहे, की उंच माणसाला मधून मधून मान वाकवावी लागते. एका बाजूला दगडी भिंत आणि तिच्यातल्या जंग्या. जंग्या म्हणजे बाण किंवा बंदूक मारण्यासाठी ठेवलेली छिद्रे. दुसऱ्या बाजूला लाकडी कठडा आणि त्याच्या खाली लोकांची परसबाग, वाळत घातलेले कपडे, एखादी सायकल. समोरून कोणी आले तर दोघांपैकी एकाला भिंतीला पाठ लावून उभे राहावे लागते.

शब्दार्थ

तट – गावाभोवतीची संरक्षक भिंत, फसील
वेस – गावाचा मुख्य दरवाजा
दिंडी – मोठ्या दारातले छोटे दार
पोटमाळा – छपराखालची साठवणाची जागा
कप्पी – दोरी ओढून वजन वर चढवण्याचे चाक
वेढा – शत्रूने गावाला चारही बाजूंनी घेरणे
संधान बांधणे – गुप्तपणे संबंध जोडणे
खंडणी – सुटकेसाठी द्यावी लागणारी रक्कम
ऐपत – खर्च करण्याची शक्ती

स्वाध्याय

१. रोटेनबुर्गच्या भर वस्तीत जुने बुरूज का दिसतात?
२. घरांच्या पोटमाळ्याचा आणि चौकातल्या कुंडाचा वेढ्याशी काय संबंध होता?
३. रब्बी मेइर यांनी खंडणी का देऊ दिली नाही?
४. 'गरिबीने हे गाव राखले' असे लेखकाने का म्हटले आहे? पाच-सहा वाक्यांत लिहा.
५. नुशची कथा आणि मॅक्लॉय यांची हकीकत यांत कोणता फरक आहे?
६. १९५१ साली बांधलेल्या लोहाराच्या घराला तुम्ही जुने म्हणाल की नवे? वर्गात दोन गट करून चर्चा करा.